करिष्माचं बोट

पोतं उघडलं की आधी वास येतो, जळक्या चपलेसारखा. नवा माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्हाला मात्र तो वास आला नाही तर घरात काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. मालोजीकाका टेम्पोतून पोतं उंबऱ्यात टाकतात, आई ते खोलीच्या मधोमध ओतते आणि पत्र्याखाली काळा डोंगर उभा राहतो. गाड्यांच्या वायरींना बसवायची रबरी टोपणं. साच्यातून निघताना त्यांच्या कडेला पातळ वाढीव रबर राहतं. त्याला आम्ही झालर म्हणतो. अर्धं ब्लेड चिमटीत धरायचं, टोपण फिरवायचं, झालर उतरवायची. टोपणाला चरा गेला तर माल रिजेक्ट, झालर राहिली तरी रिजेक्ट. म्हणून हातावरून डोळा हलवायचा नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. दुसरा नियम असा की विजयश्रीनं वाचायचं.

विजयश्री म्हणजे मी. नववीत आहे, आणि माझा आवाज गुहागरपर्यंत जातो. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही.

आम्ही अहमदपूरकडचे. इथं चाकणला आलो तेव्हा मी पाचवीत होते आणि वर्गात तोंड उघडायची मला धास्ती वाटायची. मी "काय करायलाव" म्हटलं की मागचा बाक हसून आडवा व्हायचा. मी चार वर्षं हजेरीला "हजर मॅडम" एवढंच बोलले असेन. मग यंदा दिवाळीनंतर प्राथमिक शाळेच्या तेजस्विनी मॅडमनी त्यांची शाळा वाचनसाखळीत घातली. ही साखळी म्हणजे वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या शाळा, फोनवरून एकमेकींना जोडलेल्या. हायस्कूलच्या, म्हणजे माझ्यासारख्या मोठ्या मुलींनी गोष्टीचं एक पान मोठ्यानं वाचून पाठवायचं. लहान वर्गातल्या मुलांनी तेच पान आपल्या तोंडानं वाचून उलट पाठवायचं. आणि शनिवारी सकाळच्या शाळेत पडद्यावर दोन शाळा समोरासमोर बसायच्या. आमची जोडी गुहागरकडच्या शाळेशी. तिथली मैत्री नावाची चौथीतली मुलगी पहिल्याच शनिवारी पडद्यात तोंड खुपसून म्हणाली, "कासवाचं पान वाचलं ती ताई कोण? मला तसं वाचायचंय."

तेव्हा माझी मान जी वर गेली ती अजून खाली आलेली नाही. आई म्हणते, "दारातनं वाकून ये गं बाई, पत्रा लागंल."

तर, वाचायचं. मी भिंतीला टेकून बसायची, गुडघ्यावर पुस्तक, आणि आवाज मोठा, कारण शेजारच्या शेडमध्ये दिवसभर पत्रा दाबणारा प्रेस आदळत असतो. आई, पप्पा आणि माझी धाकटी बहीण करिष्मा डोंगराभोवती. करिष्मा तिसरीत आहे, तेजस्विनी मॅडमच्याच शाळेत. तिच्या वाटणीला छोटा ढीग आणि बिनधारेचं ब्लेड. दारात आमच्या घरमालकीण गवराबाई, मिश्रीचं बोट दातावर फिरवत. भोवतीची जमीन एके काळी त्यांची होती. आता शेडं आणि आमच्यासारख्यांच्या खोल्या.

"वाच गं पोरी," गवराबाई म्हणायच्या. "त्या कासवाचं काय झालं? बाह्यर आलं का न्हाई?"

"आत्ती, तुम्ही काल ऐकलंय की."

"ऐकलंय. पर काल न्हाई आलं म्हून आज येणार न्हाई, आसं हाय व्हय?"

मी वाचायची. "आमच्या वाडीच्या विहिरीत एक कासव राहत होतं. विहीर आटत चालली होती. कासव रोज वर बघायचं. वर आभाळाचा गोल तुकडा दिसायचा." ब्लेडं चालायची. आईचा हात तर माझ्या वाचण्याच्या तालावर चालायचा. वाक्य संपलं की टोपण टोपल्यात.

पप्पांचा हात मात्र चालायचा नाही. पप्पांना ब्रेक मिळाला होता. ब्रेक म्हणजे सुट्टी, असं मला लहानपणी वाटायचं. काँट्रॅक्टवाल्यांना ठरावीक महिने झाले की कंपनी घरी बसवते, मग परत बोलावते किंवा बोलावत नाही. पप्पा कंपनीत मोठी मशीन चालवतात. त्यांच्या बोटांत ते टोपण हरभऱ्यासारखं हरवायचं. दर चार टोपणांत एकाला चरा.  पप्पा पाणी प्यायला उठले की आई त्यांच्या टोपल्यातली खराब टोपणं हळूच काढून पदराखाली ठेवायची. एकदा पप्पांनी ते बघितलं. तांब्या खाली ठेवला आणि बाहेर टपरीवर गेले ते दिवेलागणीला आले.

त्याच दिवशी त्यांनी गावाकडचा विषय काढला. "उन्हाळाभर गावात जातो. इथं बसून खायला नको. आई एकटी हाय, शेळ्या हायत. करीला घेऊन जातो."

"करीला कशाला?" मी म्हटलं.

"तिसरीत आली, पाटी वाचता येईना. इथं काय शिकायलीय? रबर कापायलीय. गावात शेळ्या तरी बघंल. आजीला सोबत."

"आणि जूनला?"

"जूनचं जूनला."

जूनचं जूनला म्हणजे काय, ते आमच्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांना माहीत आहे. शेजारच्या खोलीतली मुलगी अशीच उन्हाळ्यापुरती गावी गेली होती. तिची सायकल अजून नळापाशी गंजतेय. करिष्मानं ढिगातून मान वर केली नाही. फक्त तिचं ब्लेड थांबलं, आणि पुन्हा चालू झालं.

मी म्हटलं, "पप्पा, तिला वाचता येतं. साखळीत पाठवलंय तिनं. थांबा." पप्पांना ब्रेक असल्यामुळे फोन घरीच होता. मी मॅडमना पाठवलेलं करिष्माचं वाचन लावलं. फोन पिठाच्या डब्यावर ठेवला. करिष्माचा आवाज आला, घासून लख्ख केलेल्या तांब्यासारखा. आमच्या वाडीच्या विहिरीत एक कासव राहत होतं. कुठं अडखळणं नाही, कुठं गिळणं नाही. "बघायचं" म्हणताना आवाज असा वर, की ऐकणाऱ्यानंही वर बघावं.

"आगं बया," गवराबाई म्हणाल्या. "पोरगी हाय का रेडिओ?"

पप्पांनी ते पुन्हा लावलं. मग फोन घेऊन टपरीवर गेले आणि तिथं सगळ्यांना ऐकवून आले. येताना करिष्माला भेळ आणली. म्हणाले, "शनवारी ती पडद्यावर वाचणार म्हणतीस ना? मी येतो. माझ्यासमोर वाचली तर राहील. रविवारच्या ट्रॅव्हल्सला दोन शिटा सांगितल्यात, एक रद्द करतो."

मी खूश. मी इतकी खूश की त्या दिवशी भांडीसुद्धा न सांगता घासली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा निरोप आला, शनिवारसाठी करिष्माचा एकदा सराव घे. उन्हामुळे शाळा सकाळचीच होती. आई पाण्याच्या टँकरला गेली होती, पप्पा झोपले होते. पत्रा तापून कडकड वाजत होता. मी करिष्माला दारातल्या उजेडात बसवलं, पुस्तक तिच्या मांडीवर दिलं आणि समोर बसले. माझ्या हातात ब्लेड नाही, पुस्तक नाही, असं पहिल्यांदाच झालं असेल. त्यामुळे मी बघत बसले.

करिष्मा वाचत होती. तिचं बोट पानावर होतं. आवाज विहिरीच्या तळाशी पोचला, गाळात रुतला, आभाळाच्या तुकड्यापर्यंत वर आला. बोट पहिल्या ओळीवरच होतं. मग ते सावकाश चित्राकडे गेलं आणि कासवाच्या पाठीवर फिरत राहिलं.

"परत वाच," मी म्हटलं.

तिनं परत सुरुवात केली. मी तळहातानं अख्खं पान झाकलं. आवाज थांबला नाही.

 मी पान उलटलं. "हे वाच."

"हे कसं वाचू? हे तू अजून वाचलं नाहीस."

"म्हणून काय झालं?"

करिष्मानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मलाच काही कळत नाही. "आधी तू वाचायचं असतं ना, ताई. मग मी. तसंच असतं की वाचणं."

तसंच होतं की आमच्या घरात. एकीच्या हातात पुस्तक, बाकीच्यांचे डोळे रबरावर. तिनं मला वाचताना कधी बघितलंच नव्हतं. ऐकलं होतं. मी कुठं श्वास घेते तेसुद्धा तिनं उचललं होतं. अक्षरं तिला सुटी ओळखू येत होती, तक्त्यावरची, बदकाच्या आणि घराच्या चित्राशेजारची. दोन अक्षरं शेजारी बसली की ती तिच्यासाठी परकी.

मी तशीच उठून शाळेत गेले. तेजस्विनी मॅडम पायरीवर बसून डबा खात होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"तळहात ठेवलास?"

"हो. तरी चालू."

"नेटवरून आवाज येतो गं, विजयश्री. बोट येत नाही." त्या मैदानाकडे बघत राहिल्या. पोरं टायर पळवत होती. "मी सगळ्यांचे आवाज कानाला लावून ऐकते. खूण करते, छान, उत्तम. यातली अजून किती पोरं अशी असतील?"

"मॅडम, शनिवारी पप्पा येणार आहेत. ती वाचली नाही तर तिला नेणार आहेत."

"तिचं नाव काढू का?"

"नको. नाव काढलं तरी नेतील."

मॅडमनी डबा बंद केला. "शनिवारी आपलं पान कोणतं, ते मी ठरवते. कासवाचंच ठेवते," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "पण रोज तिच्याकडून वाचून घे. कासव नको. दुसरं घे. आणि तू आधी वाचू नकोस."

मी वाचणं बंद केलं. खोलीत नुसता शेजारचा प्रेस. धाड, धाड. करिष्माला मी ढिगाच्या दुसऱ्या बाजूला घेऊन बसायची आणि एक एक अक्षर जोडायला लावायची. तिचं बोट मी माझ्या हातात धरायची, कारण सोडलं की ते चित्राकडे पळायचं. "बोट जिथं, आवाज तिथं," मी सांगायची. "बोट पुढं गेल्याशिवाय तोंड पुढं न्यायचं नाही." ती रडायची. चिडायची. कापलेल्या झालरीचे तुकडे घेऊन फरशीवर ग काढायची, त्याला काना लावायची, शेजारी य ठेवायची आणि "गाय" म्हणायची. मग लाथ मारून गाय उधळून द्यायची.

"तू वाच ना ताई. तू वाचलीस की मला येतं."

"नाही येत."

"येतं. सगळे म्हणतात येतं."

"विजे, आज वाचणार न्हाईस व्हय?" गवराबाई दारातून विचारायच्या. मी परीक्षा आहे म्हणायची. त्या थोडा वेळ बसायच्या, प्रेस ऐकायच्या आणि उठून जायच्या.

आणि आईचा हात बिघडला. आधी माझ्या लक्षात आलं नाही. वाचणं नसलं की तिला दुपारी डुलकी यायची. ब्लेड चालू असायचं, डोळे मिटलेले. दचकून उठायची आणि भराभर कापायची. करिष्माची वाटणीही तिच्याच अंगावर. गुरुवारी मालोजीकाका पोतं घेऊन गेले आणि शुक्रवारी सकाळी तेच पोतं घेऊन परत आले.

नळाला पाणी आलं होतं, सगळी ओळ हंडे घेऊन बाहेर. मालोजीकाकांनी पोतं आमच्या दारात, गल्लीतच उपडं केलं. टोपणं उड्या मारत गटारीपर्यंत गेली.

"वहिनी, हे बघा. चरा. हा बघा, चरा. हे अर्धं कापलंय. कंपनीवाल्यानं माझ्या तोंडावर मारलं. मी काय सांगू त्याला, बाई झोपली होती?"

आई खाली बसली आणि टोपणं गोळा करू लागली. हंडे भरणाऱ्या बाया बघत होत्या. एका पोरानं टोपण पायानं उडवलं.

"मालोजी," गवराबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बाईमानूस हाय. घरात वतलं आसतं तर तुझं काय जळलं आसतं?"

"आत्ती, मलाबी वर कुणीतरी हाय. ह्या वेळी नीट नाही झालं तर काम दुसऱ्या घरी देतो, आत्ताच सांगून ठेवतो."

पप्पा नळापाशी होते. त्यांची बादली भरून वाहत होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले, जसं काही ती बादली त्यांनी पहिल्यांदाच बघितली. टेम्पो गेल्यावरच आले.

आत आल्यावर आईनं गटारीतली टोपणं धुतली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तू वाचणं कामून बंद केलंस? तुझ्या वाचण्यानं हात जागा राहायचा माझा."

मी सांगितलं. पान झाकल्याचंही सांगितलं. आई धूत राहिली.

"म्हंजे तिला येत नाही."

"शिकतेय. काल तिनं एक अख्खी ओळ वाचली. बोट ठेवून."

"एक ओळ." आईनं हात झटकले. "उद्या काय करायचं?"

"कासवाचंच पान आहे. ते पाठ आहे तिचं."

"मग झालं की. तेच म्हणू दे. पप्पाला काई बोलू नको." आणि थोड्या वेळानं, "एकदा तिला राहू तर दे. मग शिकंल."

मलाही तेच वाटत होतं. करिष्माला मी संध्याकाळी नळापाशी नेऊन समजावलं. उद्या बोटाचं बिटाचं काही नाही, नेहमीसारखं म्हणून टाक. पडद्यात मैत्री असेल, मागे पप्पा असतील. एका दमात म्हण.

"म्हणजे वाचायचं नाही?"

"म्हण फक्त."

"तू म्हणाली होतीस, बोट जिथं, आवाज तिथं."

"ते रविवारपासून."

ती गंजक्या सायकलची घंटी वाजवून बघत राहिली. ती वाजत नव्हती.

शनिवारी सकाळी पप्पांनी कंपनीचा शर्ट घातला, इस्त्री केलेला. आईसुद्धा आली. शाळेच्या सभेला ती कधी आली नव्हती, तिची सभा पोत्याबरोबर असते. राखेनं घासूनही बोटांच्या रेघांतला काळा रंग गेला नव्हता. वर्गात शिरल्यापासून तिनं हात पदराखाली ठेवले. पप्पा मागच्या भिंतीशी उभे राहिले. आई पोरांच्या बाजूला, खाली सतरंजीवर बसली, करिष्माच्या बाकापासून हाताच्या अंतरावर.

पडदा उजळला. गुहागरची शाळा दिसली, खिडकीत पोफळीची झाडं, आणि पुढे मैत्री, दोन वेण्या. तिनं त्यांचं पान वाचलं, भरभर, मध्ये एकदा शिंकून. टाळ्या झाल्या.

"आता आमची करिष्मा," मॅडम म्हणाल्या.  "कासवाचं पान."

करिष्मा उभी राहिली. पुस्तक बाकावर उघडलं. "आमच्या वाडीच्या विहिरीत एक कासव राहत होतं." लख्ख. "विहीर आटत चालली होती. कासव रोज वर बघायचं." मी मागे बघितलं. पप्पांनी फोन काढून शूटिंग चालू केलं होतं, ओठ करिष्माबरोबर हलत होते. त्यांनाही पाठ झालं होतं, टपरीवर इतक्यांदा लावून.

"वर आभाळाचा…"

करिष्मा थांबली.

तिनं पुस्तकाकडे बघितलं. बोट पहिल्या ओळीवर राहिलं होतं. ती त्या बोटाकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मग मान वर करून म्हणाली, "मी परत पहिल्यापासून वाचते."

"म्हण गं," मी दातांतून म्हटलं.

तिनं बोट पहिल्या अक्षराखाली दाबून धरलं. "आ… म… आम… च्या. आमच्या." बोट सरकलं. "वा… डी… च्या."

मागे कुणीतरी हसलं. मग दोघंतिघं. पडद्यावरही खसखस झाली, आणि मैत्री मागे वळून कुणाला तरी "गप रे" म्हणाली. करिष्माचा कान लाल झाला. "वि… वि… हि…" तिथं ती अडकली. तो शब्द तिनं शंभरदा म्हटला असेल, झोपेतही म्हटला असता. पण आता तिला तो कानातून नको होता. चित्र मध्येच गोठलं, गुहागरचा आवाज तुटला. त्या तुटलेल्या शांततेत नुसतं करिष्माचं बोट आणि तो हि, जो सुटत नव्हता.

दार वाजलं. पप्पा बाहेर गेले होते.

"वि… हि… रीत," करिष्मा म्हणाली. "विहिरीत."

ती तीन ओळी वाचून बसली. त्याला इतका वेळ गेला की गुहागरच्या शाळेची घंटा झाली. जायच्या आधी मैत्री पडद्यात तोंड खुपसून म्हणाली, "पुढचं सोमवारी पाठव हां." करिष्मानं मान हलवली. मॅडम फळा पुसत होत्या, त्यावर काही लिहिलेलं नसताना.

घरी पप्पा बॅग भरत होते. आजीसाठी घेतलेली चप्पल, त्यावर करिष्माचे दोन फ्रॉक.

"टपरीवर सगळ्यांना ऐकवलं होतं मी," ते म्हणाले. "माझी पोरगी म्हणून. आणि तिथं काय, वि वि वि. पाठ होतं तेसुद्धा विसरली चार माणसांत."

"विसरली नाही," आई म्हणाली.

"मग काय झालं?"

"वाचली."

"ते वाचणं होतं? अगं, तू ऐकलंस ना?"

"मी ऐकत नव्हते. मला सवय हाय हाताकडं बगायची." आईनं पदर खोचला आणि ढिगापाशी बसली. "तिचं बोट बगत होते. बोट हललं की तोंड हलायचं. बोट अडलं की तोंड अडायचं. तुमी टपरीवर जे ऐकवलं ते विजीचं होतं. तिनं नुसतं तोंड दिलतं. आज जे अडखळलं, ते हिचं."

मला खरं तर वाईट वाटायला नको होतं, पण जरासं वाटलं. माझंच वाचन टपरीवर गाजलं आणि माझं नाव कुणी घेतलं नाही.

पप्पा बॅगेची चेन ओढत होते, ती मध्येच अडत होती. "मग ते पहिलं खोटं होतं? तुमाला सगळ्यांना माहीत होतं?"

मी पुस्तकं आवरू लागले.

"मालोजी काम काढून घ्यायला निघालाय. मला काँट्रॅक्टरचा फोन नाही. हिनं पुस्तकात बोट घालून बसायचं म्हणतीस, तर हिचा ढीग कोण उपसणार?"

आईनं पुढे वाकून करिष्माच्या वाटणीचा ढीग दोन्ही हातांनी ओढला आणि आपल्या ढिगात मिसळला. काळ्या डोंगरावर काळी टोपणं, कोणती कुणाची ते दिसेना. मग उठून बॅगेतून दोन फ्रॉक काढले आणि दोरीवर टाकले. पप्पा त्या दोरीकडे बराच वेळ बघत उभे होते. एकदा त्यांचा हात वर गेला. मग तो हात त्यांनी मानेवरून फिरवला.

रविवारी ते एकटेच गेले. आईशी बोलले नाहीत. करिष्माच्या डोक्यावर मात्र जाताना टपली मारली, जराशी जोरात. काँट्रॅक्टरचा फोन आला तर, म्हणून फोन त्यांच्याबरोबर गेला. आता माझा आवाज गुहागरला शाळेतूनच जाईल, मॅडमच्या फोनवरून, तोही त्यांना वेळ असेल तेव्हा. मॅडमनी साखळीतल्या सगळ्यांना कळवलंय की वाचणाऱ्या मुलाचं बोट दिसेल असं चित्र पाठवा, नुसता आवाज नको. दोन शाळांनी लगेच नकार दिला, नेट पुरत नाही म्हणून. बाकीच्या अजून गप्प आहेत.

सोमवारी दुपारी पोतं आलं. मालोजीकाकांनी ह्या वेळी ते आत आणून ठेवलं, आमच्याकडे न बघता. आईनं ओतलं. माझ्या वाटणीचा ढीग आता तिच्याइतकाच मोठा आहे, आणि दोन बोटांना चिंध्या बांधल्यात, कारण इतके महिने मी वाचून वाचून हात कच्चा ठेवला. आईनं करिष्माकडे बघितलं आणि भिंतीकडे हनुवटी केली. माझी जागा. पुस्तक.

"ती वाचणार?" मी विचारलं. "आई, तुला झोप येईल."

"बगू."

गवराबाई दारात येऊन बसल्या. "आज विजी न्हाई व्हय? ही वाचतीया?"

करिष्मानं मी कधीही न वाचलेलं पान उघडलं. बोट ठेवलं. "क… कास… कासवानं." आम्ही कापू लागलो. "ए… क. एक." मग ती थांबली.

"गाडी का थांबली गं?" गवराबाई म्हणाल्या. "सिंगल न्हाई का?"

"गप बसा, आत्ती," आई म्हणाली.

मी पुस्तकाकडे वळून बघितलं. तो शब्द मला दिसला. माझ्या ओठांवर आला, मी ओठ दातांत धरला. आईचं ब्लेड थांबलं होतं. माझंही थांबलं. गवराबाईंचं मिश्रीचं बोट दातावरच राहिलं. शेजारचा प्रेस तेवढा आदळत होता. करिष्माचं नख त्या शब्दाखाली पांढरं पडलं होतं.

"पा…" ती म्हणाली. "पाऊ…"

आई टोपण चिमटीत धरून वाट बघत होती. डोळे टक्क उघडे.

"पाऊल," करिष्मा म्हणाली.

आईनं टोपण फिरवलं.